शेवटपर्यंत कामावर

टॉवेलवर रंग पक्का बसायचा तर त्याला वाफ द्यावी लागते. वाफेच्या दालनात सकाळी आठला एकेचाळीस अंश असतात, दुपारी तीनला सत्तेचाळीस.

•

वधू पाहिजे. मुलगा बी.कॉम., स्वतःचं घर, निर्व्यसनी. मुलगी घरची जबाबदारी घेणारी असावी. टिकाव पंच्याऐंशीच्या पुढे असल्यास प्राधान्य. दाखल्याची प्रत फोटोसोबत पाठवणे.

•

"प्रश्न विचारून झाला की तोंड बंद. समोरचा गप्प बसला तर बसू द्या. घड्याळ बघा, कागदावर सेकंद लिहा. खोटं बोलणं सगळ्यांना जमतं. खोटं गप्प बसणं कुणालाच जमत नाही."
(एम.ए. भाग एक, क्षेत्रकार्याचा पहिला तास. हे मी दर वर्षी सांगते.)

•

अशोक चौकातला फलक: श्वास गिळायला शिका. आठ दिवसांचा वर्ग. महिलांसाठी स्वतंत्र बॅच. निकाल न आल्यास पुन्हा बसण्याची सोय.

•

काम मधेच सोडून जाणाऱ्या कामगारांचं प्रमाण आमच्या शहरात तीन वर्षांत शेकडा चौतीसवरून शेकडा चारवर आलं. हे कसं घडलं ते पाहायला परराज्यांतून शिष्टमंडळं येतात. त्यांना शेंगाचटणीचे डबे भेट देतात.

•

घरी कोण कोण असतं?

•

"शहाण्णव आले मॅडम," नागमणी गुंडेटी म्हणाली. "तुमच्यामुळंच की ओ."

तिनं दाखला पुढे केला. विडी घरकुलातल्या तिच्या एका खोलीत मी सोळा वर्षं जातेय, नेहमी त्याच पत्र्याच्या खुर्चीत बसते. माझ्या वहीत ती क्रमांक ४१ आहे. पहिल्यांदा भेटले तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, टॉवेलच्या घड्या घालायची, आणि तिची मुलगी स्वरूपा तिच्या पदराला लोंबकळत होती. आता स्वरूपा माझ्याच विभागात एम.ए. करते, पहिल्या बाकावर बसते.

"माझ्यामुळं कसं?"

"मशीन तुमच्यासारखंच विचारतंय. घरी कोण कोण असतं, म्हणतंय. मला सवयच हाय. इतर बायका गडबडल्या."

"जागा कुठली मिळाली?"

"वाफ." तिनं कपातला चहा बशीत ओतला. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटली होती. "चार महिने झाले. जरा गरगरतं. लिंबू-मीठ घेते."

मी डॉ. वैजयंती बिराजदार. सोलापुरात समाजशास्त्र शिकवते. सारखंच कौशल्य असलेल्या दोन माणसांपैकी एकाला सावली आणि दुसऱ्याला भट्टी का मिळते, एवढाच माझा विषय. त्यासाठी सोळा वर्षांपूर्वी मी शहरातले तीनशेबारा कापड-कामगार निवडले. दर तीन वर्षांनी तीच माणसं, तेच प्रश्न, सगळं ध्वनिमुद्रित. सहा फेऱ्या झाल्या. सहा वर्षांपूर्वी तोवरचा सगळा साठा मी विद्यापीठाच्या खुल्या भांडारात ठेवला, पुढच्या फेऱ्याही त्यातच घातल्या. लोकांच्या कराच्या पैशावर गोळा केलेलं ज्ञान कपाटात कुलूप लावून ठेवू नये, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं, पण हल्ली ते बोलताना मी थांबते.

टिकाव म्हणजे काय ते सांगते.

माणूस बोलतो तेव्हा शब्दाच्या आधी बरंच काही घडतं. श्वास आत जातो, स्वरतंतू ताणले जातात, आणि कधीकधी वाक्य ओठांपर्यंत येऊन मागे फिरतं. मागे फिरलेल्या वाक्याची खूण आवाजात राहते. छाती भरलेली असते पण ती हवा वापरली जात नाही. त्यानंतरचा शब्द केसभर वरच्या पट्टीत सुरू होतो. स्वराचा बारीक कंप सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता तुटतो. कानाला यातलं काही कळत नाही. यंत्राला कळतं. बोलायची होती पण बोलली गेली नाहीत अशी वाक्यं ते दोन मिनिटांत मोजतं.

नुसतं मोजून उपयोग नाही. अशी वाक्यं गिळणारा माणूस पुढे काम किती वर्षं धरून ठेवतो, हे यंत्राला शिकवावं लागतं. त्यासाठी हवेत माणसांचे आवाज, आणि त्याच माणसांची पुढची पंधरा वर्षं. अशी जोडी जगात फार थोड्या ठिकाणी होती. एक आमच्या भांडारात होती, गप्प बसण्याच्या सेकंदांसकट.

यंत्र जात विचारत नाही, धर्म विचारत नाही, शिक्षण विचारत नाही. एमआयडीसीतल्या अकरा कारखान्यांनी मिळून एकच फाटक केलंय, त्या फाटकावर एक खोली आहे, खोलीत ते बसतं. टिकाव तीसच्या खाली असेल तर काम नाही. तीस ते साठ, पंख्याखाली पॅकिंग, कारण तशी जागा दिली नाही तर ही माणसं निघून जातील. साठ ते नव्वद, माग आणि शिवण. नव्वदच्या वर वाफ, कारण ही माणसं कुठंही जाणार नाहीत.

"डॉक्टरला दाखवलं का?" मी नागमणीला विचारलं.

"दाखवायचं की." ती चार सेकंद थांबली. "चहा गार होतोय तुमचा."

•

त्याच आठवड्यातला तास. विषय: टिकाव-विश्लेषणाचं गणित.

"समजा, एक कंटाळवाणं भाषण चाललंय," मी म्हणाले. "माझंच समजा."

"समजायला कशाला पायजे मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही हसले.

"आपण दाराशी वही घेऊन उभे. कोण किती मिनिटांनी उठून गेला ते लिहायचं. तासाभरानं आपली वेळ संपली. जे अजून आत बसलेत त्यांच्यापुढे काय लिहायचं? ते कधी उठतील आपल्याला ठाऊक नाही. पण साठ मिनिटं ते उठले नाहीत, एवढं नक्की ठाऊक आहे. म्हणून लिहायचं, उठला नाही. ही अर्धीच माहिती आहे, पण गणिताला ती फार उपयोगी पडते. सगळ्यात चिवट श्रोता कोण ते त्यातूनच कळतं."

स्वरूपानं हात वर केला. ती कधीच अडखळत नाही. प्रश्न तिच्या तोंडातून तयार होऊनच बाहेर येतो.

"मॅडम, आणि जो खुर्चीतच मेला तो?"

पुन्हा हशा.

"तोही," मी म्हणाले, "उठला नाही."

खडू हातात घेऊन मी फळ्याकडे वळले. काय लिहायला वळले होते ते आठवेना. मागे मुलं हळूहळू शांत झाली. कुणीतरी विचारलं, मॅडम बरं वाटत नाही का. मी तास पंधरा मिनिटं आधी सोडला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

•

क्र. १७. फेरी ३. माहिती घरच्यांकडून (मुलगा). स्थिती: १.
क्र. ६३. फेरी ४. माहिती घरच्यांकडून (सून). स्थिती: १.
क्र. १०८. फेरी ४. माहिती घरच्यांकडून (नवरा). स्थिती: १.
क्र. २५०. फेरी ६. माहिती शेजाऱ्यांकडून. स्थिती: १.

अशा एकोणीस ओळी.

१ म्हणजे कामावर. २ म्हणजे काम सोडलं. तिसरा आकडा मी केला नव्हता.

का केला नव्हता तेही मला आठवतं. क्रमांक १७, मल्लेशम कोंडा, मागावरचा कामगार, एकोणपन्नासाव्या वर्षी कारखान्यातच गेला. मी घरी गेले तेव्हा त्याचा मुलगा दारात उभा होता. मी विचारलं, वडिलांनी काम कधी सोडलं? तो म्हणाला, "आमच्या नानांनी काम कधी सोडलं नाही. लिहा तसं. शेवटपर्यंत कामावर होते." तो रडत नव्हता. त्याला ते कागदावर हवं होतं. मेलेल्या माणसापुढे 'सोडलं' असा शिक्का मारणं मला त्या दारात उभं राहून जमलं नाही. परत येऊन, कुठल्या आकड्याचा काय अर्थ ते लिहिलेल्या संहितेच्या वहीत मी टीप लिहिली: मृत्यू हे काम सोडणं मानू नये. स्थिती १, शेवटपर्यंत कामावर. माझं अक्षर, खाली माझी सही. त्या टिपेबद्दल मला तेव्हा अभिमान वाटला होता. पुढच्या प्रत्येक फेरीला विद्यार्थ्यांनी ती पाळली.

माझ्या या नोंदींनी यंत्राला शिकवलं होतं की जे कधीच काम सोडत नाहीत ते असे बोलतात. आणि जे कधीच सोडत नाहीत त्यांच्या यादीत सगळ्यात वर होते हे एकोणीस. जे जिवंत राहून टिकले ते त्यांच्यापुढे फिके पडत होते. त्यांनी मधे आजारपणाची रजा घेतली होती, मुकादमाशी भांडण केलं होतं, जागा बदलून मागितली होती. मेलेल्यांच्या नोंदीत असा एकही डाग नव्हता.

संशोधनासाठी यंत्राची एक प्रत आमच्या विभागाकडे आहे. मी तीनशेबारा आवाज त्यातून काढले आणि उतरत्या क्रमानं लावले. वरचे वीस बाजूला घेतले.

एकोणीस वारलेले. विसावी क्रमांक ४१, नागमणी.

मग मी कानाला हेडफोन लावून त्या एकोणिसांच्या पहिल्या मुलाखती ऐकल्या. सगळीकडे आधी माझाच आवाज, तरुण, उत्साही. घरी कोण कोण असतं? मग शांतता. पंख्याचा आवाज, लांब कुठेतरी कोंबडा. मग एक भरलेला श्वास, ज्याचं पुढे काहीच होत नाही. मग उत्तर. त्यातला एकही माणूस तक्रार करत नाही. दुपारी दोनला माझ्या खोलीत ऊन भरलेलं असताना मी उठून दार लावून घेतलं, आणि लावल्यावर पुन्हा उघडलं.

•

रेवणसिद्ध म्हेत्रे माझा जुना विद्यार्थी. बारा वर्षांपूर्वी हाच मुलगा माझ्या ध्वनिमुद्रणांतले सेकंद मोजायचा. आता फाटकावरचं यंत्र तो सांभाळतो. एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर तो मला भेटला.

"मॅडम, फोन केला असता तर मी आलो असतो की. तुम्ही कशाला उन्हाचं."

मी त्याला एकोणीस ओळींचा कागद दिला. त्यानं वाचला नाही. घडी करून खिशात ठेवला.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"वर्ष झालं."

"आणि?"

"आणि काय मॅडम. वर कळवलं. ते म्हणाले, टिकाव बरोबर येतोय ना? म्हटलं येतोय. शहाण्णववाला खरंच जात नाही. मग म्हणाले, बिघाड कुठंय?" त्यानं बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं. "बिघाड नाहीच मॅडम. त्याला जे शिकवलं ते शिकलंय. तुमचा विद्यार्थी शोभतंय."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. घाबरलोय. माझी मोठी बहीण ब्याण्णव आहे."

तो चमच्यानं कपातला बिस्किटाचा लगदा काढत राहिला. मी घड्याळ बघितलं नाही.

"मी फाइल दुरुस्त करते," मी म्हणाले.

"करू शकता. फाइल तुमची. दर महिन्याच्या एक तारखेला यंत्र ती भांडारातून आपणहून उचलतं आणि कामावरच्या सगळ्यांचे गुण नव्यानं काढतं, तसा करारच आहे. काढून टाकलीत तर जुनी वापरत राहील. बदललीत तर बदललेली घेईल, कुणाला विचारणार नाही."

"तिसरा आकडा घालते. मृत्यू."

"ते त्याला वाचता येत नाही. राहिला की गेला, एवढंच कळतं त्याला. तुम्हाला एकाचा दोन करावा लागेल."

"मग दोन करते."

"केलात तर काय दिसेल त्याला?" तो पुढे झुकला. "चांगलं चाललेलं असताना, कुठलीही कुरकुर न करता, एका दिवशी अचानक गेलेली माणसं. तसल्यांची त्याला सगळ्यात भीती. थेट तीसच्या खाली टाकेल. असे आवाज शहरात तीन हजार आठशे आहेत. अकरा कारखाने आणि फाटक एक. दोन तारखेला फाटकावरच्या यादीत त्यातल्या एकाचंही नाव लागणार नाही. माझ्या बहिणीचंही."

"जिवंत तर राहतील."

"हे तुम्ही ठरवणार का मॅडम?"

त्यानं हे उद्धटपणे विचारलं नाही. खरोखर माहीत करून घ्यायचं होतं त्याला.

त्यानंतरच्या आठ दिवसांत मी तीन ठिकाणी गेले. कामगार खात्याच्या साहेबांनी दालनाचं तापमान नियमात बसतं असं दाखवून दिलं. कारखान्यांच्या संघटनेनं माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि शाल दिली. एका वर्तमानपत्रानं बातमी छापली, तिचा मथळा होता: सोलापूरच्या प्राध्यापिकेच्या संशोधनाचा उद्योगाला हातभार.

•

मुलाखत. क्र. ४१. रविवार, सकाळी अकरा. घर. हजर: मुलगी. कंसातले आकडे सेकंदांचे.

मी: काम कसं चाललंय?

नागमणी: चाललंय की ओ. (३) काही नाही.

मी: (गप्प)

नागमणी: (६) परवा बसले जरा खाली.

स्वरूपा: पडली. डोकं आपटलं तिचं. उलटी झाली.

नागमणी: तू चहा ठेव. मॅडम कधीच्या आल्यात.

स्वरूपा: मॅडम, सांगा ना तिला. मी सांगितलं तर म्हणते पुस्तकात वाचून आली.

(इथे मी एकोणीस जणांबद्दल आणि मी न केलेल्या तिसऱ्या आकड्याबद्दल सांगितलं. यंत्र कुणासारखा आवाज शोधतं ते सांगितलं. चार मिनिटं.)

नागमणी: (११) मल्लेशम मामा पण?

मी: हो.

नागमणी: चांगला माणूस. हळद लागली तेव्हा मागावरनं उठून आला होता, अंगावर रुई घेऊन. (४) त्याच्यासारखा आवाज हाय का माझा?

मी: यंत्राला तसं वाटतं.

नागमणी: मग शहाण्णव बरोबरच म्हणायचं.

स्वरूपा: अम्मा, ते कौतुक नाहीये.

मी: नागमणी, मी फाइल दुरुस्त करू शकते. पण केली तर तुमचं नाव फाटकावर लागणार नाही. तुमच्यासारख्या आणखी बऱ्याच जणींचंही.

नागमणी: मग करू नका.

स्वरूपा: करा मॅडम.

नागमणी: हिचं दीड वर्ष राहिलंय. तिला तुमच्यासारखी नोकरी लागू दे. मग सोडते मी.

स्वरूपा: दीड वर्षानं काय सोडशील तू?

नागमणी: (१४)

चौदा. सोळा वर्षांत तिच्यापुढे मी एवढा आकडा कधी लिहिला नव्हता.

नागमणी: मॅडम, तुम्ही शिकलेल्या. एक विचारू का?

मी: विचारा.

नागमणी: वाफ कमी करता येत नाही का ओ? नुसती मागची दारं उघडली तरी लई होतंय. टॉवेल जरा उशिरा सुकतील. पण कुणी विचारतच नाही ते. सगळे मशीनचंच विचारतात. तुम्ही पण.

मी: (९)

ते सेकंद माझे होते. तेही मी लिहिले.

नागमणी: लिहून घ्या. माझं नाव काढू नका.

•

एकतीस तारखेला दुपारी मी एकोणीस एकांचे एकोणीस दोन केले.

चार मिनिटं लागली. मल्लेशम कोंडाच्या ओळीपाशी मी थांबले नाही. थांबले असते तर पुढे गेले नसते. संहितेच्या वहीतली टीप खोडली, खाली तारीख घातली. मग हात धुतले. का धुतले ते सांगता येणार नाही, शाई लागलेली नव्हती.

नागमणीला मी कळवलं नाही. स्वतःला सांगितलं की जिवंत माणसाचा राग पत्करता येतो.

•

दोन तारीख, सकाळी सात. फाटकावरच्या पडद्यावर नावं सरकत होती. बायका माना वर करून उभ्या होत्या, डबे हातात, डोक्याला रुमाल बांधलेले. ज्यांची नावं येत नव्हती त्या तिथेच थांबून यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याची वाट बघत होत्या. गर्दी वाढत होती पण आवाज वाढत नव्हता. मला भीती वाटली ती त्याची. हजारभर बायका, आणि चपलांची घासघूस सोडली तर काहीच ऐकू येत नव्हतं. या सगळ्या गिळणाऱ्या. यंत्रानं नेमक्या त्याच निवडून बाहेर काढल्या होत्या.

"मशीन बिघडली काय?" एकीनं पहारेकऱ्याला विचारलं.

"नाव नाही म्हणजे नाही, मावशी. सरका."

नागमणीनं यादी तीनदा बघितली. मग तिनं मला बघितलं. गर्दीतून वाट काढत आली, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

"तुम्ही केलाव."

"हो."

"मी नको म्हणले होते."

"हो."

"लिहून घेतलं होतं ना तुम्ही?" ती सोळा वर्षांत पहिल्यांदा, मधे जरासुद्धा न थांबता बोलली. "मग कशाला लिहून घेतलाव?"

ती वळून चालायला लागली. तिचा रुमाल सुटला होता, ती तो बांधायला थांबली नाही.

आठचा भोंगा झाला. वाफेच्या दालनासाठी नावं पुकारली जाऊ लागली. ते दालन रिकामं राहील असं मला का वाटलं होतं कुणास ठाऊक. एकही जागा रिकामी राहिली नाही. फाटकातून ताठ मानेच्या, मोठ्यानं बोलणाऱ्या बायका आत गेल्या. यंत्राला आता टिकलेले आणि जगलेले आवाज हवे होते. उत्तर द्यायला न घाबरणारे, प्रकृती सांभाळणारे, जास्त काळ पुरणारे. त्यांना नव्वदच्या वर गुण पडले होते, आणि नव्वदच्या वर वाफ. नियम तोच होता. मी त्याला हात लावला नव्हता. मला तो दिसलाच नव्हता.

दुपारी तिथे सत्तेचाळीस अंश असणार होते.

•

पहिल्या बाकावरची जागा सतरा दिवस रिकामी होती. अठराव्या दिवशी मधल्या सुट्टीत स्वरूपा माझ्या खोलीत आली. तिच्या हातात ग्रंथालयाची दोन पुस्तकं होती. ती तिनं टेबलावर ठेवली.

"ही जमा कराल का? तिकडं रांग आहे."

"बस."

"बसत नाही मॅडम, दुसऱ्या पाळीला जायचंय." तिनं घड्याळ बघितलं. "त्र्याण्णव आले."

मला वाटलं मी खुर्चीतच आहे, पण मी उभी राहिले होते.

"तू नाही म्हण."

"अम्मा विड्या वळायला बसलीय परत. दिवसभर खोकते, पण पडत तरी नाही." ती नेहमीसारखीच भराभर बोलत होती, न अडखळता, आणि मी त्या बोलण्यात श्वास शोधत होते, भरलेला, न वापरलेला, आणि तो सापडत नव्हता, आणि त्यानं मला जराही धीर आला नाही. "मशीननं विचारलं घरी कोण कोण असतं. मी उलट विचारलं, तुला कशाला पाहिजे? बाहेरच्या बायका हसल्या. म्हणाल्या गेली ही. आणि त्र्याण्णव."

"स्वरूपा, मी कुलगुरूंशी बोलते. फी, वसतिगृह, सगळं..."

"आमच्या गल्लीत अशा चाळीस जणी आहेत मॅडम. सगळ्यांसाठी बोलणार?"

बाहेर मुलं गोंगाट करत जिना उतरत होती.

"पहिल्याच दिवशी मी मुकादमाला मागची दारं उघडायला सांगितली," ती म्हणाली. "तो म्हणाला, बोलतेस चांगलं. म्हणून तर घेतलं तुला."

"उघडली?"

"नाही." ती दाराकडे गेली, परत फिरली. "तुमची सातवी फेरी आहे ना दोन वर्षांनी? अम्मा बसणार नाही तुमच्यापुढं आता. तिच्या जागी मला घ्या. पण तो तिसरा आकडा आधी करून ठेवा."

"त्याच्यापुढे काय लिहू?"

"जे झालं असेल ते."

ती गेली. तिच्या मनगटावर, घड्याळाच्या पट्ट्याच्या कडेनं, कातडी सुटायला लागली होती.

•

सात वर्षांपूर्वी, चौथ्या फेरीनंतर, माझ्या अभ्यासाला पुण्यात पारितोषिक मिळालं. मानपत्रात लिहिलं होतं की तीनशेबारापैकी एकही व्यक्ती या अभ्यासातून गळलेली नाही. त्या दिवसापर्यंत त्यांतले अकरा जण वारले होते.